वांगी रंगाची बॅग

माझं रक्त माझ्यापेक्षा जास्त जग फिरलंय. मी अजून बस डेपोपलीकडचा पूल ओलांडलेला नाही, आणि ते मात्र बर्फाच्या डब्यात बसून विमानानं जाऊन आलंय. जाऊन आलंय असं आपलं म्हणायचं, परत कोण पाठवतंय? तिकडे कुठल्याशा थंड देशातल्या फ्रीजमध्ये मी नळ्यानळ्यांतून साठवलेली आहे, तान्हेपणापासून आजवरची. कधी त्या देशात गेलेच तर सगळ्यात आधी स्वतःला भेटून येणार आहे.

हे सगळं संशोधनासाठी. शाळेत नाव घालायच्या कितीतरी आधी, आईच्या पोटात असतानाच माझं नाव तिथे घातलं गेलं. आपल्याला एचआयव्ही आहे हे आईला कळलं तेव्हा माझी यायची वेळ जवळ आली होती. बाबांना ते आधीच कळलं होतं, पण ते सांगायचं विसरले, आणि पुढे जगायचंही विसरले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आईनं केलं, पण उशीर झाला होता, आणि मी आईवर गेले. "नाक तेवढं बापाचं, बाकी पोरगी सगळी आईवर गेलीय," असं मावशी म्हणाली की आई आणि मी एकमेकींकडे बघतो आणि हसू दाबतो. मावशीला यातलं काही माहीत नाही.

यात आता रडण्यासारखं काही राहिलेलं नाही. रोज रात्री एक गोळी. गोळी अशी आहे की घोड्यानंसुद्धा आधी पाणी मागावं. ती नेमानं घेतली की विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतच नाही. आमच्या वर्गातल्या डस्टरसारखा: असतो, पण सापडत नाही. सापडत नाही तोवर मी ठणठणीत. आणि शेजारी बसून, डबा वाटून खाऊन तो कुणाला लागत नाहीच, हे मला पाठ आहे, आणि इतरांना पाठ नाही हेही मला पाठ आहे.

संशोधन चालतं मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, चादरी धुण्याच्या खोल्यांच्या वर. तिथे कायम साबणाचा आणि गरम वाफेचा वास. आया, त्यांची बाळं, आणि बाळपण संपलेली आमच्यासारखी मंडळी, सगळ्यांवर तिथे लक्ष ठेवतात. एचआयव्ही, क्षय, आणखी काय काय संसर्ग अंगावर येतात, गोळ्या कोण घेतं, कोण घेतल्याचं नाटक करतं, वयात आल्यावर कुणाचं डोकं फिरतं. हा शेवटचा विषय मोठ्या मॅडमचा खास. मोठ्या मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर. जगभरच्या परिषदांत त्या आमच्याबद्दल तासभर बोलतात आणि आम्ही समोर आलो की "उंची वाढली गं" एवढंच म्हणतात. रक्त काढतात ते डास काका. हे नाव मी लहानपणी ठेवलं, आता त्यांची बायकोही तेच वापरते. आणि समुपदेशन करतात त्या बरं-मग ताई. त्यांना काहीही सांगा, घर जळालं म्हणून सांगा, त्या मान तिरकी करून म्हणणार, "बरं, मग?" आणि त्या दोन शब्दांवर माणूस पोटातलं सगळं बाहेर काढून मोकळं होतं.

या जागेचं ब्रीद एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. दारावर पाटी नाही. फायलीवर नाव नाही, नंबर. आत यायचं दार एक, बाहेर पडायचं दुसरं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे एका शाळेतली दोन मुलं एकाच दिवशी बोलवायची नाहीत. कोण कुठल्या शाळेत हे ताईंच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे मी इतकी वर्षं समजत होते की आमच्या शाळेत असली मी एकटीच. त्याचा थोडा रुबाबही वाटायचा.

तर या लोकांनी 'किशोर सल्लागार मंडळ' काढलं आणि त्यात मला घेतलं. मंडळाचं काम बिस्किटं खाणं आणि सल्ला देणं, आणि त्यांचं काम तो लिहून घेणं. आम्ही म्हटलं, भिंतीवरचा ससा पुसा, आम्ही मोठे झालो. ससा आहे. आम्ही म्हटलं, रक्त काढल्यावर स्टिकर देऊ नका. मला गेल्या वेळी हत्तीचा मिळाला. मग त्यांनी विचारलं, इतकी वर्षं येताय, सगळ्यांना काहीतरी भेट द्यावी म्हणतो, काय देऊ? एकमतानं ठरलं, मोबाइलचा रिचार्ज. मोठ्या मॅडमनी समजावून सांगितलं की नीतिमत्ता समितीला ते आमिष वाटेल. भेट उपयोगी हवी, शिक्षणाची हवी आणि तिची कुणाला भुरळ पडता कामा नये. म्हणून बॅग.

बॅगेवर केवढा तरी विचार झाला. नाव नको, चिन्ह नको, एड्सची ती लाल रिबन तर नकोच, हॉस्पिटलचा पत्ता नको, कुणाला काही म्हणजे काही कळायला नको. शेवटी आली ती बॅग खरोखर झकास होती. भक्कम चेन, दोन कप्पे, बाटलीला खिसा, आणि वर कोरी करकरीत. रंग वांगी. साधासुधा जांभळा नव्हे, तेल लावून पुसल्यासारखा तुकतुकीत वांगी. कारखान्यात कुणाच्या तरी रद्द झालेल्या ऑर्डरचं कापड पडून होतं म्हणून स्वस्तात मिळालेला, त्यामुळे शहरातल्या एकाही दुकानात नसलेला. तर असा रंग या लोकांनी अख्ख्या शहरातून वेचून नेमका आमच्याच पाठीवर चढवला. यावर नाव छापायची गरजच काय होती? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा मी खूश होते. माझ्या जुन्या बॅगेचा पट्टा आईनं इतक्यांदा शिवला होता की मूळ पट्टा कुठला हे ओळखू येत नव्हतं. आई शाळेचे गणवेश शिवते, तिला शिलाईचं वेड. तिनं वांगी बॅग उलटी केली, आतून हात फिरवला आणि म्हणाली, "शिलाई दुहेरी आहे. टिकेल." याहून मोठी स्तुती तिच्या तोंडून मी माझीही ऐकलेली नाही.

सोमवारी मी बॅग मिरवत वर्गात गेले आणि पहिल्या बाकापाशी थिजले. पहिल्या बाकावर मॉनिटर बसते. बाई गृहपाठ विसरल्या तर हात वर करून आठवण करून देणारी जी एक जमात असते, तिची ही राणी. फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहिताना ही खडू हातात घेते तेव्हा माझं नाव आधीच लिहिलेलं असतं. तर तिच्या बाकाला वांगी बॅग टांगलेली.

तिनं माझ्या पाठीकडे बघितलं. मी तिच्या बाकाकडे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे दोन चोर समोरासमोर आणि लख्ख उजेड. ती पांढरी पडली. मला आधी काय वाटलं सांगू? राग आला. एवढं जपलेलं एकटीचं गुपित, तेही हिला पहिल्या बाकावर बसून हवं.

माझ्या मैत्रिणीला आम्ही भोंगा म्हणतो. तिच्या आवाजामुळे. भोंगानं बॅग पाहिली, दोन्ही चेन उघडून मिटून झाल्या आणि विचारलं, कुठून घेतली? मी म्हटलं, मावशीनं पाठवली. त्याच वेळी दुसऱ्या रांगेत कुणीतरी मॉनिटरला तेच विचारलं आणि ती म्हणाली, निबंध स्पर्धेत मिळाली. भोंगाचं तोंड जेवढं चालतं तेवढेच कानही.

"म्हणजे तुझ्या मावशीनं निबंध स्पर्धा ठेवली होती?" ती म्हणाली.

मी कसंतरी हसून वेळ मारून नेली. पण भोंगा एकदा मागे लागली की लागली. दोन-तीन दिवसांत तिच्याकडे बातम्या जमल्या. बसमध्ये एका बाईकडे तीच बॅग, कडेवर बाळ. औषधाच्या दुकानासमोर दोन मुलांच्या पाठीवर तीच. सगळी हॉस्पिटलच्या मागच्या गेटातून निघतात, म्हणजे तिथे काहीतरी फुकट वाटतायत, असा तिचा निष्कर्ष. आता शनिवारी शाळा सुटली की ती तिथे जाऊन वॉचमनला विचारणार होती. ती हेरगिरी वगैरे करत नव्हती, तिला फक्त बॅग हवी होती. हे जास्त भयंकर. हेराला कधीतरी कंटाळा येतो, फुकट बॅग हवी असलेल्या मुलीला येत नाही. आणि एकदा तिला कळलं की मधल्या सुट्टीच्या आत शिपायालाही कळलं असतं.

आता, मी एकटी असते तर मला फार पर्वा नव्हती. गेल्या काही महिन्यांत मी चांगलीच धीट झालेय. आरशासमोर मान तिरकी करून "मला एचआयव्ही आहे. बरं, मग?" असं म्हणायचा सरावही झालाय, आणि सुट्टीत भोंगाला सांगायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. पण आता मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य आपोआप मॉनिटरबद्दल. माझं धाडस माझ्या एकटीचं राहिलंच नव्हतं. त्या बॅगेनं आम्हा दोघींना एकत्र शिवून टाकलं होतं, तेही दुहेरी शिलाईनं.

मंगळवारपासून मॉनिटर शाळेत नव्हती. ही मुलगी ताप अंगात घेऊन परीक्षा देणारी. गुरुवारी गृहपाठ द्यायचं निमित्त काढून मी तिच्या घरी गेले, माझी बॅग अर्थातच घरी ठेवून. ती काका-काकूंकडे राहते, आईवडील नाहीत एवढं वर्गात सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या मोरीकडे बोट दाखवलं.

मॉनिटर बादलीपुढे बसली होती. कोपरापर्यंत हात काळेकुट्ट. तिनं कपडे रंगवायचा काळा रंग आणून बॅग रात्रभर भिजत घातली होती. पण ते कापड असं निगरगट्ट, रंगाचा एक थेंब पिईल तर शपथ. बॅग दोरीवर वाळत होती, आधीपेक्षा जास्त तुकतुकीत. काळे झाले ते फक्त तिचे हात.

"हसू नकोस," ती म्हणाली.

मी हसले नव्हते. म्हणजे अगदी थोडी. मी म्हटलं, लिंबू लाव. तिनं लावलं होतं. रॉकेल? तेही झालं होतं. मग मी म्हटलं, अगं बॅग ठेव घरी आणि ये शाळेत, एवढं काय.

"आणि कुठे गेली म्हणून विचारलं तर? बक्षीस म्हणून सांगितलंय मी. आणि तू पण आणायची बंद केलीस तर दोघींच्या एकदम गायब. तुझी ती भोंगा काय आंधळी आहे?"

एवढ्या गडबडीतही तिचं डोकं पहिल्या बाकावरच होतं. मग ती हात घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली की ती आता तिथे, म्हणजे त्या वाफेच्या इमारतीत, पाय ठेवणार नाही. ताईंनी फोन केला तरी नाही. काकांना घरात काही माहीत नाही, फक्त काकूंना. आता सगळ्या गावाला कळणार.

"गोळी?" मी विचारलं.

"बंद केली. परवापासून." तिनं बादली पालथी केली. "या बॅगा दिसायच्या बंद झाल्या की बघू. शाळेचंही आणि गोळीचंही."

 मी कशाचीही थट्टा करते, पण गोळी सोडण्याची नाही. आमच्या मंडळात एक खुर्ची आहे, तिच्यावर आम्ही कुणी बसत नाही. तिच्यावर बसणारी मुलगी सुंदर शिट्टी वाजवायची. तिनंही आधी "फक्त परवापासून"च बंद केली होती.

शुक्रवार माझा दिवस नव्हता. तरी मी गेले, तेही बाहेर पडायच्या दारातून आत. मोठ्या मॅडम पडद्यावर आलेख लावून बसल्या होत्या, शेजारी ताई. मी दारातच सुरू झाले आणि सगळं सांगितलं, नाव न घेता, पण शाळा एकच म्हटल्यावर ताईंना नाव कळलंच. ताईंनी कपाळाला हात लावला. ज्या बाईनं आम्हा दोघींना इतकी वर्षं एका दिवशी त्या जिन्यात येऊ दिलं नाही, तिला बॅगेनं एका सोमवारात हरवलं होतं.

"पण आम्ही तर त्यावर काहीच छापलं नव्हतं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी तो इतका पुसला की मला दया आली.

मग त्या म्हणाल्या, सगळ्या परत मागवू. मी म्हटलं, मग सगळ्यांच्या एकदम गायब होतील, मॉनिटर म्हणते तसं, याहून मोठी दवंडी कुठली? मग म्हणाल्या, दुसऱ्या रंगांच्या मागवू, समितीपुढे ठेवावं लागेल. समिती कधी बसते? पुढल्या तिमाहीत. तोवर भोंगाचा वॉचमनशी घरोबा झाला असता.

तेव्हा मी ब्रह्मास्त्र काढलं. दर वर्षी ताई आम्हाला संमतीचा कागद वाचून दाखवतात, तो मला तोंडपाठ आहे. मी मान तिरकी करून ताईंच्याच आवाजात म्हटलं, "सहभागी व्यक्ती कोणतंही कारण न देता, कधीही या अभ्यासातून बाहेर पडू शकते. तिची औषधं आणि उपचार पूर्वीप्रमाणे सुरू राहतील."

मोठ्या मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. गर्भापासून आजवर एकही फेरी न चुकवलेली मी म्हणजे त्यांच्या लेखी सोन्याचं अंडं देणारी कोंबडी, आणि कोंबडी आता अंगणाचं दार उघडून उभी.

"तू मला धमकी देतेयस?"

"मी कारण देत नाहीये, मॅडम."

डास काका दाराबाहेर खोकल्याचं सोंग करून हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघत मान तिरकी केली. "बरं, मग?"

आणि त्या दोन शब्दांनी पुन्हा जादू केली. कारण धमकीपुढे माझ्याकडे खरं तर काहीच नव्हतं, आणि आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी इकडेतिकडे बघायला लागले. कोपऱ्यात उरलेल्या बॅगा, ढीगच्या ढीग, छताला टेकलेल्या. भिंतीवर एक तक्ता, त्यातले अर्धे चौकोन भरलेले, अर्धे रिकामे. रिकाम्यांच्या वर लिहिलेलं, 'तुलनेचा गट'.

हे प्रकरण मला माहीत होतं. आमच्यासारख्या मुलांची फुप्फुसं इतरांसारखीच वाढतात का, हे त्यांना बघायचंय. त्यासाठी आमच्यासारखी नसलेली, साधी शाळकरी मुलं लागतात, शेजारी ठेवून मोजायला. त्यांनी फक्त एका यंत्रात फुंकायचं, वजन-उंची द्यायची आणि बोटातून रक्ताचा एक थेंब, तोही अंगात रक्त पुरेसं आहे का बघायला. पण ती मुलं मिळत नाहीत. प्रत्येक बैठकीत मोठ्या मॅडम रडगाणं गातात, शाळांची परवानगी आहे, समितीची मंजुरी आहे, पण पालक सही करत नाहीत, कारण त्यांना त्यात काय मिळणार.

"बॅग फक्त सहभागींनाच देता येते ना?" मी म्हटलं. "मग सहभागी वाढवा. आमच्या शाळेत साधी मुलं ढिगानं आहेत. साधी म्हणजे किती, अगदी बावळट."

 मोठ्या मॅडमनी मंजुरीचा कागद काढला आणि त्यात कुठे नाही म्हणता येतंय का ते शोधत वरपासून खालपर्यंत वाचला. आमची शाळा यादीत होती, सगळ्यात शेवटी. भेटवस्तू सर्व सहभागींना, असं स्पष्ट होतं.

"नियमात बसतंय," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनंच. मग म्हणाल्या, पण बॅगेसाठी मुलं आली तर ते आमिष नाही का होणार?

"समितीनंच ठरवलंय ना," ताई म्हणाल्या, "की हिची कुणाला भुरळ पडणार नाही म्हणून."

शनिवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी सूचना वाचली. हॉस्पिटलचं पथक येणार, फुप्फुसं तपासणार, पालकांची सही आणायची, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला एक बॅग. नमुना म्हणून त्यांनी ती वर धरली. अख्ख्या मैदानावर वांगी रंग चमकला. भोंगा गर्रकन माझ्याकडे वळली. 

"म्हणजे तुम्ही दोघींनी आधीच नाव घातलंय," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस. मावशी म्हणे. मैत्रीण म्हणवतेस आणि एकटीच बॅगा उकळतेस."

मी म्हटलं, चुकलं. ती त्या दिवशी हॉस्पिटलच्या गेटाकडे गेली नाही. सही घ्यायला घरी पळाली. तिच्यासारखंच इतर सगळ्यांचं. समितीनं भुरळेबद्दल पुन्हा विचार करावा.

त्याच दुपारी मी मॉनिटरच्या मोरीत जाऊन सांगितलं की बॅगा नाहीशा करणं काही जमलं नाही, म्हणून उलटं केलं.  ती म्हणाली, यात काय काय बिघडू शकतं, आणि पाचसहा गोष्टी मोजून दाखवल्या. मी म्हटलं, तू ये फक्त. ती म्हणाली, बघते.

पथक आलं त्या दिवशी ती आली. हात आता राखाडी झाले होते. भोंगानं लगेच विचारलं, हाताला काय झालं गं? मॉनिटर म्हणाली, "फळ्यावर तुझं नाव लिहून लिहून." मी चाट पडले. ही मुलगी विनोद करते, आणि आम्हाला इतकी वर्षं फुकट घाबरवत होती.

चित्रकलेच्या खोलीत रांग लागली. आम्ही दोघीही रांगेत, नाहीतर आम्हीच का नाही असं झालं असतं. आमचे आकडे तुलनेत धरायचे नाहीत हे मॅडमचं आधीच ठरलेलं. डास काकांना सक्त ताकीद होती, आम्हाला ओळखायचं नाही. त्यांनी आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नसावं.

"काय बाळ," ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "तुझं नाव काय? मी तुला आज पहिल्यांदाच बघतोय." आणि लगेच सवयीनं माझा डावा हात ओढला. "डावाच ना तुझा?"

भोंगा मागेच होती. तिनं विचारलं, यांना कसं माहीत हिचा डावा? मी म्हटलं, सगळ्यांचा डावाच घेतात. मग बिचाऱ्यांना दिवसभर प्रत्येकाचा डावाच घ्यावा लागला, डावखुऱ्यांचासुद्धा. आणि टोचून झाल्यावर सवयीनंच खिशातून हत्तीचा स्टिकर काढून माझ्या हातावर चिकटवला. तोही मग सगळ्यांना. ज्या स्टिकरविरुद्ध मी मंडळात ठराव मांडला होता, त्यातल्या वाघाच्या स्टिकरसाठी आमच्या वर्गातले मिशा फुटलेले दोन मुलगे भांडले.

भोंगाची पाळी आली. काकांनी सुई दाखवली मात्र, टोचलीही नव्हती, आणि भोंगा आडवी. पूर्ण शांत. वर्गाच्या इतिहासात पहिल्यांदा. दारातच मिळालेली बॅग मात्र छातीशी घट्ट. मॉनिटरनं तिचे पाय उचलून धरले, हेही तिला बरोबर माहीत होतं, आणि मी फायलीनं वारा घालत राहिले. जरा वेळानं भोंगानं एक डोळा उघडला.

"बाई गं," ती म्हणाली. "हे असलं दर वेळी कोण सहन करत असेल?"

मॉनिटरनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आधी तिचा ओठ हलला, मग माझा, आणि मग आम्ही दोघी भोंगाच्या दोन बाजूंना जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. भोंगाला वाटलं आम्ही तिला हसतोय. ती आठवडाभर रुसली.

फुंकायच्या यंत्रात मी फुटबॉलच्या कप्तानापेक्षा जास्त फुंकलं. शास्त्राच्या दृष्टीनं तो आकडा कुठेच जाणार नव्हता. माझ्या दृष्टीनं तो कप्तानाला रोज ऐकवायला पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी शाळेत नुसतं वांग्याचं शेत. जिकडे बघावं तिकडे तोच रंग, तीच चेन, तोच खिसा. भोंगा मिरवायला आली आणि मधल्या सुट्टीतच वैतागली, म्हणाली, काय मजा, सगळ्यांकडेच आहे. शाळा सुटल्यावर एकच गोंधळ, कुणाची बॅग कुणाच्या पाठीवर. मी घरी येऊन बॅग उघडली तर आत सगळी पुस्तकं कव्हर घातलेली, पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. अशी शिस्त आमच्या खानदानात नाही. आतल्या छोट्या कप्प्यात कापसात गुंडाळलेली डबी होती. ती मी टेबलावर ठेवली, उघडली नाही. असली डबी माझ्याकडेही आहे, कापसात अशासाठी की चालताना वाजू नये.

आईनं बॅग हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, ही आपली नव्हे. हिचा दोरा काळा आहे. खरंच, कापडानं रंग घेतला नव्हता, पण शिलाईच्या दोऱ्यानं सगळा पिऊन घेतला होता. प्रत्येक टाका काळा. असं कसं झालं, आईनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात दार वाजलं.

दारात मॉनिटर, धापा टाकत, माझी बॅग पोटाशी धरून.

"तुझ्या बॅगेत कुजलेलं केळं आहे," ती म्हणाली. मग तिचं लक्ष आईकडे गेलं, आईच्या हातातल्या काळ्या दोऱ्याच्या बॅगेकडे, आणि टेबलावरच्या डबीकडे, आणि ती पुन्हा त्या सोमवारसारखी पांढरी पडली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. राखाडी हातांकडे पाहिलं. डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. गणवेश शिवणाऱ्या बाईला माप नजरेनं कळतं.

"जेवलीस का गं?" आईनं तिला विचारलं.

ती नाही म्हणाली. आईनं जेवायला वाढलं. ती आधी अवघडून, मग माझ्यापेक्षा जास्त जेवली. जेवण झाल्यावर मी माझी डबी काढली, मुद्दाम, सगळ्यांसमोर, आणि गोळी हातावर ठेवून म्हटलं, घोड्याची आहे, बघ. मॉनिटरनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःची डबी ओढून घेतली, झाकण जरा अडलं, उघडलं, आणि तिनं तिची गोळी माझ्या गोळीशेजारी धरून पाहिली. अगदी तशीच. तुलनेला काही वावच नव्हता.

"मधे सुटल्यात," ती हळूच म्हणाली. "ताईंना सांगावं लागेल."

"त्या काय म्हणतील माहितीये ना?"

"बरं, मग," ती म्हणाली.

आईनं तीन पेले पाणी आणलं. एक तिचा स्वतःचा. तिघींनी एकदम गिळली, आणि मॉनिटरला ठसका लागला, आणि आईनं तिच्या पाठीवर थापटलं. जाताना तिनं आपलीच बॅग आहे ना हे दोरा बघून तपासलं, पायात चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाली की मी आज तासाला तीनदा बोलले, ते तिनं लक्षात ठेवलंय, उद्या फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर असणार.

मी म्हटलं, असू दे. बॅगेत मात्र परत केळं ठेवलेलं नाही.